शिऊरची बहिणाबाई

बहिणाबाई हे नाव उच्चारताच आज बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे खानदेशातील बहिणाबाई चौधरी उभ्या राहतात. १८८० ते १९५१ हा त्यांचा काळ. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोहोचली आहेत, त्यामुळे असे होणे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्याही अडीचशे वर्षे आधी याच नावाची दुसरी एक कवयित्री मराठीत होऊन गेली. तिचा जन्म देवगाव रंगारीचा आणि समाधी शिऊरची. ही दोन्ही गावे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पहिले कन्नड तालुक्यात आणि दुसरे वैजापूर तालुक्यात. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात राहिला. त्यामुळे जुन्या हैदराबाद राज्यातील मराठी भाषकांचा या संत कवयित्रीशी घरोब्याचा संबंध आहे. तरीही वारकरी संप्रदायाबाहेर तिचे चरित्र फारसे वाचले जात नाही. तुकारामांची शिष्या एवढ्या दोन शब्दांवर तिची बोळवण होते.

वास्तविक तिचे चरित्र तिनेच लिहून ठेवले आहे. संतांची चरित्रे बहुधा त्यांच्यामागून शंभर-सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या कोणी लिहिली आणि त्यांत भक्तीची भर पडत गेली. बहिणाबाईंनी मात्र आपला जन्म, लग्न, परागंदा होणे, नवऱ्याने केलेली मारहाण, गुरूचा शोध आणि उत्तरायुष्य हे सारे स्वतःच्या अभंगांत क्रमाने सांगितले. मराठीतील आत्मचरित्राचा इतिहास सांगताना ज्या थोड्या जुन्या कृतींपाशी थांबावे लागते, त्यांत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन अग्रभागी येते. एका विवाहित स्त्रीने घरात झालेला मार त्यात लपवलेला नाही आणि त्याचे भांडवलही केलेले नाही.

शके १५५०, म्हणजे इसवी सन १६२८ च्या सुमारास बहिणाचा जन्म झाला. वेरूळ तेथून जवळ. वडील आऊजी हे गावचे कुलकर्णी आणि आई जानकी. बरीच वर्षे मूल नव्हते, म्हणून दोघांनी गावाजवळच्या लक्षतीर्थावर अनुष्ठान केले आणि त्यानंतर ही मुलगी झाली, असे ती सांगते. कुलकर्ण्याचे घर म्हणजे दप्तर आणि वसुलीच्या कागदांचे घर. या घरातली मुलगी पुढे शब्दांच्या वाटेला गेली, याला एवढाच काय तो वारसा.

तिसऱ्या वर्षी तिचे लग्न झाले. वर गंगाधर पाठक, वय तीस, बिजवर, शिवपूरचा म्हणजेच शिऊरचा राहणारा, वेदपठण केलेला विद्वान. सत्तावीस वर्षांचे हे अंतर त्या काळाला खटकणारे नव्हते. लग्नानंतर मुलगी काही वर्षे आईवडिलांकडेच राहिली. तो काळही विलक्षण धामधुमीचा होता. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, १६३३ मध्ये देवगावपासून दूर नसलेला देवगिरीचा किल्ला मोगलांनी घेतला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. अशा दिवसांत आऊजींच्या घरी भाऊबंदकीचा तंटा पेटला आणि त्यांना बंदीत पडावे लागले. जावई गंगाधर धावून आला. त्याने सासऱ्याला सोडवले आणि साऱ्यांनी रातोरात गाव सोडले.

या एका घटनेने बहिणाच्या आयुष्याची घडी कशी बसली, हे लक्षात घेतल्यावाचून पुढचा भाग कळत नाही. एरवी सासरी छळ झाला तर मुलीला माहेरचा आधार उरतो. निदान आईच्या कुशीत चार दिवस रडता तरी येते. बहिणाच्या बाबतीत माहेर आणि सासर एकाच बिऱ्हाडात आले. शिवाय ते बिऱ्हाड जावयाच्या कमाईवर चालणारे आणि त्याच्या उपकाराखाली दबलेले. आईवडील डोळ्यांसमोर असत, पण जावयाचा हात धरण्याची त्यांची ताकद उरली नव्हती.

हे कुटुंब भिक्षा मागत दक्षिणेकडे उतरत गेले. पंढरपूर झाले, शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव झाला. पंढरीच्या देवळात लहानग्या बहिणाने पाहिलेला विठ्ठल तिच्या मनात कायमचा बसला. पुढे रहिमतपुरात गंगाधरला काही काळ ग्रामोपाध्यायाचे काम मिळाले. तेही संपले तेव्हा सगळे कोल्हापुरास आले आणि एका वेदपाठी ब्राह्मणाच्या घरी त्यांनी आसरा घेतला. बहिणाचे वय तेव्हा अकरा होते असे ती म्हणते.

कोल्हापुरात गंगाधरला दानात एक कपिला गाय आणि तिचे वासरू मिळाले. या वासराची कथा बहिणाने जितक्या जिव्हाळ्याने सांगितली आहे, तितकी स्वतःच्या लग्नाचीही सांगितलेली नाही. वासरू तिच्या पाठीपाठी हिंडे, ती पाण्याला निघाली की बरोबर येई, ती जवळ नसली की चाऱ्याला तोंड लावीत नसे. ज्या मुलीला गाव नाही, मैत्रिणी नाहीत आणि घरात मन मोकळे करायला कोणी नाही, तिला असे एखादे मुके जनावर किती जवळचे वाटत असेल, हे सांगायला संतचरित्राचा अभ्यास लागत नाही.

त्या सुमारास वडगावचे जयरामस्वामी कोल्हापुरात कीर्तनासाठी आले. समर्थ संप्रदायात ज्यांना दासपंचायतन म्हणतात, त्या पाच जणांपैकी हे एक. भागानगरचे म्हणजे हैदराबादचे केशवस्वामी हेही त्याच पंचायतनातले. जयरामस्वामी कीर्तनात देहूच्या तुकोबांचे अभंग गात. छापखाना नव्हता, पोथ्या मोजक्या, तरी इंद्रायणीकाठच्या एका कुणब्याचे शब्द त्याच्या हयातीतच पंचगंगेच्या काठी पोहोचले होते आणि एका अकरा वर्षांच्या मुलीच्या कानी पडत होते. तिने तुकारामांना पाहिले ते पुढे. आधी तिला भेटले ते त्यांचे अभंग.

कीर्तनाला बहिणा जाई तेव्हा वासरूही जाई. एका रात्री दाटी फार झाली म्हणून कोणी वासराला बाहेर काढले. ते बाहेर हंबरू लागले आणि मुलगी आत रडू लागली. जयरामस्वामींनी चौकशी केली, वासराला आत घेतले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. एवढीच गोष्ट; पण गावात तिची चर्चा झाली. लोक मुलीला पाहायला येऊ लागले. कोणीतरी हे तिखटमीठ लावून गंगाधरच्या कानी घातले.

त्याने अकरा वर्षांच्या बायकोला वेणी धरून मारले. हातपाय बांधून तिची मोट केली. आईवडील तेथेच होते. घरमालक मध्ये पडला. गोठ्यातल्या गाईने आणि वासराने चारापाणी सोडले. हा सारा प्रसंग बहिणाबाईंनी पुढे स्वतःच्या अभंगांत नोंदवला आहे. वेणी, दोर, गोठा, कोण आले, कोण काय बोलले, सारे त्यात आहे. प्रौढपणी हे अभंग रचताना तपशील जराही पुसट झालेले नव्हते. ज्यांनी अशी घरे जवळून पाहिली आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. मार बरा होतो, तपशील राहतात.

मारण्याचे कारणही तिने स्पष्ट केले आहे. गंगाधर वेदविद्येवर पोट भरणारा ब्राह्मण. त्याच्या दृष्टीने घरच्या स्त्रीने हरिकथेला जाणे, लोकांनी तिच्या पाया पडणे आणि तिने तुकोबांसारख्या शूद्राचे नाव घेणे हे तीन अपराध होते. त्यांत त्याला सर्वांत जास्त झोंबला तो बहुधा दुसरा. आपल्याला कोणी विचारीत नाही आणि बायकोच्या दर्शनाला माणसे येतात, हे दुःख विद्वान पुरुषांना फार होते. गंगाधर हा कोणी राक्षस नव्हता. सासऱ्याला बंदीतून सोडवणारा, अख्खे बिऱ्हाड पायी घेऊन चालणारा, मागून आणून सर्वांना खाऊ घालणारा हाच माणूस होता. बहिणाबाईंनी त्याची ही बाजूही झाकलेली नाही. अशा माणसाचा मार सोसणे अधिक अवघड असते, कारण तो वाईट आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही.

पुढे वासरू मेले. मरताना त्याच्या तोंडून एका प्रसिद्ध संस्कृत श्लोकाचा उत्तरार्ध उमटला, असे बहिणा सांगते. मुक्याला वाचा देणाऱ्या कृपेचा तो श्लोक आहे. ही गोष्ट कोणी श्रद्धेने घ्यावी, कोणी रूपक म्हणून घ्यावी. त्या घरात वाचा गेलेले आणखी एक माणूस होते, हे मात्र विसरू नये. वासराच्या मृत्यूनंतर बहिणा काही दिवस शुद्धीवर नव्हती. त्या ग्लानीत तिला विठ्ठलाचे आणि मग न पाहिलेल्या तुकोबांचे दर्शन झाले. कार्तिक वद्य पंचमी, रविवार. तुकोबांनी स्वप्नात मंत्र दिला आणि हाती गीता ठेवली. तिथी आणि वार तिने जपून ठेवले, जसे कोणी आपल्या जन्माचे टिपण जपावे.

या स्वप्नाने घरातला विरोध मावळला नाही, उलट वाढला. बायको आता लोकांत संत म्हणून गाजू लागली होती. गंगाधरने तिला टाकून तीर्थयात्रेला निघून जाण्याचा निश्चय केला. ती त्या वेळी गरोदर होती. तिला तिच्या आईबापांच्या गळ्यात घालून आपण मोकळे व्हावे, असा त्याचा विचार.

येथे तिच्यापुढे खरा पेच उभा राहिला आणि तिने तो अभंगांत उघडा करून दाखवला आहे. वेद आणि पुराणे स्त्रीला अधिकार नाही म्हणतात; मंत्र जपण्याचा नाही, ज्ञानाचा नाही, नवऱ्याच्या इच्छेपलीकडे चालण्याचा नाही. मग या देहात जन्माला आलेल्या जिवाने परमार्थ साधायचा कसा? हा प्रश्न तिने कोणा पंडिताला विचारलेला नाही, थेट देवाला विचारला आहे आणि त्यात राग आहे. पण लगेच पुढच्या अभंगांत ती पतिव्रतेचा धर्म सांगते, नवरा हाच देव मानण्याचा निश्चय करते, त्याच्यावाचून पांडुरंगही आपल्याला दगडासारखा अशा टोकापर्यंत जाते. आधुनिक वाचक येथे अडखळतो. कोणाला ती बंडखोर हवी असते, तो पहिले अभंग उचलतो. कोणाला ती आदर्श गृहिणी हवी असते, तो दुसरे उचलतो. तिने मात्र दोन्ही एकाच गाथेत ठेवले आणि एकही खोडला नाही. मराठी संतसाहित्याच्या अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ साली तिच्यावर लिहिलेल्या लेखात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधील नेमका हाच ताण तपासला आहे.

तिच्यापुढे वाटा तरी किती होत्या? कन्नड परंपरेतील अक्कमहादेवी नवरा आणि घर दोन्ही सोडून श्रीशैलाकडे निघाली. मीरा राजवाडा सोडून गेली. मराठीत जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, मुक्ताबाई अविवाहित, कान्होपात्रा गणिकेची मुलगी, समर्थशिष्या वेणाबाई बालविधवा. नवऱ्याच्या घरात राहून, त्याची मुले वाढवून आणि तरी त्याने नाकारलेला गुरू न सोडता कविता करणे, ही वाट मळलेली नव्हती. बहिणाला ती चालत चालत करावी लागली.

गंगाधर निघाला नाही. प्रस्थानाच्या दिवशीच त्याला ताप भरला आणि त्याने अंथरूण धरले. अन्न जाईना, औषध लागू पडेना. जिला टाकून जायचे ठरले होते तीच रात्रंदिवस उशाशी बसली. आजारात त्याला आपल्या वागण्याची आठवण झाली. तुकोबांची निंदा केली, निरपराध मुलीला छळले, त्याचे हे फळ असावे असे त्याच्या मनाने घेतले. एका वृद्ध ब्राह्मणाने त्याला समज दिल्याचेही बहिणा सांगते. तो बरा झाला तो निराळा होऊन. त्यानेच देहूला जाऊन तुकोबांना भेटायचे ठरवले आणि सारे बिऱ्हाड, गाईसकट, इंद्रायणीच्या दिशेने निघाले.

मारणारा नवरा एका तापात पालटतो, हे सर्वांच्या बाबतीत घडत नाही, हे उघड आहे. बहिणेचे दैव येथे बरे निघाले. परंतु त्याचा पालट होण्यापूर्वीच तिच्या मनाने आपली जागा पक्की केली होती, हे घटनाक्रमावरून स्पष्ट दिसते. गुरू तिने आधी केला, नवरा मागाहून आला.

देहूतही सुख सरळ मिळाले नाही. तेथे मंबाजी गोसावी मठ करून राहत होता. या ब्राह्मण कुटुंबाने आपले शिष्यत्व न घेता तुकोबांच्या पायाशी बसावे, हे त्याला सहन झाले नाही. त्याने त्यांना जागा नाकारली, वाळीत टाकण्याची भाषा केली आणि पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना पत्र लिहून कारवाईची मागणी केली. एकदा कपिला गाय नाहीशी झाली. तीन दिवसांनी मंबाजीच्या घराला आग लागली तेव्हा ती त्याच्या तळघरात बांधून घातलेली, मार खाल्लेली सापडली. गाईवर उठलेले वळ तुकोबांच्या पाठीवर दिसले, असे बहिणाबाई लिहितात. देहूतल्या या छळात गंगाधर आपल्या पत्नीच्या बाजूला उभा होता, ही गोष्ट लहान नाही. ज्या कारणासाठी त्याने तिला दोराने बांधले होते, त्याच कारणासाठी आता गाव त्याला बांधू पाहत होते.

देहूत त्यांना मुलगी झाली. तिचे नाव काशी ठेवले. पुढे मुलगा झाला, तो विठ्ठल, घरात विठोबा. तुकोबांचे कीर्तन रोज ऐकायला मिळे. त्यांचे उठणे-बसणे आणि देवळातली आरती बहिणाबाईंनी डोळ्यांनी पाहिली आणि लिहून ठेवली. तुकोबांच्या वह्या पाण्यात तेरा दिवस राहून तरल्याचा उल्लेखही त्यांच्या अभंगांत आहे. तुकारामचरित्राच्या अभ्यासकांना या साक्षीचे मोल मोठे आहे, कारण ती समकालीन आहे आणि ती देणारी व्यक्ती देहूत राहिलेली आहे. महिपतींनी संतचरित्रे लिहिली ती अठराव्या शतकात.

इंद्रायणीच्या काठीच बहिणाबाईंना कवित्वाची स्फूर्ती झाली. विठ्ठलमंदिरात ध्यानाला बसल्यावर आणि नदीत स्नान करताना शब्द आपोआप येऊ लागले, असे त्यांचे सांगणे आहे. येथून त्या लिहीत राहिल्या ते आयुष्याच्या शेवटापर्यंत. १६५० मध्ये तुकोबा गेले. त्या वेळी बहिणाबाई विशी ओलांडलेल्या, दोन मुलांचा संसार सांभाळणाऱ्या होत्या. पुढली पन्नास वर्षे त्यांनी गुरूवाचून काढली आणि त्यांचे बहुतेक लेखन याच काळातले मानावे लागते.

कुटुंब पुढे गंगाधरच्या मूळ गावी शिऊरला स्थिरावले. एका रात्री पळून निघालेली मुलगी अशी आपल्या जन्मगावाच्या आसपासच्या मुलखात परतली. समर्थ रामदासांशी त्यांची भेट झाल्याची आणि समर्थांनी मारुतीची मूर्ती दिल्याची परंपरा शिऊरला सांगतात. शिऊरच्या या दीर्घ काळाविषयी त्यांच्या अभंगांत घटना थोड्या आहेत आणि विचार अधिक. हे एका अर्थी समाधानाचेच लक्षण. ज्या घरात काही घडत नाही, तेथे लिहायला वेळ मिळतो.

या लेखनात एक प्रकरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. वज्रसूची नावाची एक संस्कृत कृती आहे. नावाचा अर्थ हिऱ्याची सुई. ब्राह्मण कोणाला म्हणावे, एवढा एकच प्रश्न तीत घेतला आहे. जीव ब्राह्मण की देह, जन्माने ब्राह्मण की ज्ञानाने, कर्माने की धर्माचरणाने, असा एकेक पक्ष घेऊन तो खोडून काढायचा आणि अखेर ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण असे ठरवायचे, ही तिची रीत. बहिणाबाईंनी ही कृती मराठी अभंगांत आणली. असा विषय निवडण्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. शूद्राला गुरू केले म्हणून ज्या ब्राह्मण मुलीने वेणी ओढून मार खाल्ला आणि मंबाजीच्या तोंडून वाळीत टाकण्याची धमकी ऐकली, तिने तीस-चाळीस वर्षांनी म्हणा, पण त्या दोघांनाही त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत उत्तर दिले. ते देताना आवाज चढवला नाही. संस्कृतातून मराठीत अर्थ उतरवताना कोठेही आपली कहाणी मध्ये आणली नाही. ती कहाणी गाथेच्या दुसऱ्या भागात होतीच.

वारकरी परंपरेची इमारत कोणी रचली, पाया कोणाचा, भिंती कोणाच्या, खांब कोण आणि कळस कोण, हे सांगणारा जो अभंग आज महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असतो, तो बहिणाबाईंचा मानला जातो. गंमत अशी की अभंग सर्वांना पाठ असतो आणि तो रचणारीचे नाव पुष्कळांना आठवत नाही. आपली गुरुपरंपराही त्यांनी राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी आणि तुकोबा अशा क्रमाने नोंदली आणि शेवटी आपले नाव ठेवले. या साखळीत एका स्त्रीचे नाव स्वतःच्या हाताने जोडले गेले, हे लक्षात राहावे.

बहिणाबाईंचे अभंग दोनशे वर्षे हस्तलिखितांत राहिले. धोंडो विनायक उमरखाने यांनी १९१४ साली त्यांचा गाथा छापून प्रसिद्ध केला, तेव्हा तो सामान्य वाचकाच्या हाती आला. त्यावरून जस्टिन अ‍ॅबट यांनी इंग्रजी भाषांतर केले आणि ते पुण्याहून १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील संतकवींवरच्या त्यांच्या मालेतला तो एक भाग. पुढे शालिनी जावडेकर यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७९ साली निघाली. जुन्या ग्रंथालयांच्या धार्मिक विभागात यांपैकी एखादी प्रत बहुधा असते. ती आत्मचरित्रांच्या कपाटात ठेवली असती, तर कदाचित अधिक हातांत गेली असती.

शके १६२२, इसवी सन १७००. बहिणाबाईंचे वय बहात्तर झाले होते. त्यांची सून रुक्मिणी नुकतीच वारली होती आणि तिच्या उत्तरक्रियेसाठी विठोबा गोदावरीच्या काठी गेला होता. आपला शेवट जवळ आल्याचे त्यांना कळले. त्यांनी मुलाला पत्र पाठवून बोलावून घेतले. तो आल्यावर त्यांनी त्याला आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली आणि हा तेरावा म्हणजे शेवटचा, असे म्हटले. त्या जन्मांतही हा मुलगा आपल्या सोबत होता, हेही सांगितले. पूर्वजन्मांवर कोणाचा विश्वास असो वा नसो, म्हातारी आई मुलाजवळ बसून आपली सगळी आयुष्ये त्याला सांगते आणि तो ती ऐकून घेतो, हे चित्र मोठे हृद्य आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, शिऊर येथे त्यांनी देह ठेवला. समाधी गावातच आहे.